शेवटच्या पोत्याचा डोंगर

लोक डोंगर बघायला जातात, आमची ही डोंगर बनवते. मातीचे. चाकाला हात न लावता, नुसत्या बोटांनी. मातीच्या वळ्या करायच्या, वळीवर वळी चढवत न्यायची, आतून पोकळ ठेवायचं आणि बाहेरून कडे, घळी, उतारावरची पाऊलवाट असं सगळं उभं करायचं. गिऱ्हाईक विचारतं, "यात ठेवायचं काय?" ही म्हणते, "काही नाही. बघायचं." मग गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मी काय बोलणार? मी भट्टीवाला. भाजणं हे माझं एक काम आणि काही तडकलं तर बोलणी खाणं हे दुसरं.

हिची एक खोड आहे आणि पुढचं सगळं त्या खोडीपायी घडलं. ज्या डोंगराचा आकार, त्याच डोंगराची माती. फोटो बघून काही करणार नाही. आधी तिथे जायचं, खडकावरून तळहात फिरवायचा, तिथलीच माती आणायची आणि त्या मातीचा तोच डोंगर करायचा. दुसरीकडची माती वापरली तर डोंगर खोटा होतो म्हणे. मी एकदा विचारलं, "मग मागे तो समुद्रकिनारा केलास, तो कुठल्या मातीचा?" तर म्हणाली, "म्हणून तर विकून टाकला."

माती आणून द्यायचा हिचा थोरला भाऊ. त्याचा छोटा ट्रक होता, त्यातून तो लोकांचा माल इकडून तिकडे न्यायचा आणि परतताना हिच्यासाठी माती खणून आणायचा. मी त्याला उंट म्हणायचो. उंची तशी, मान तशी आणि चालही तशीच. तो मला भाऊजी म्हणायचा आणि माझ्या भट्टीला तंदूर. आमच्या वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत तो आणि सासूबाई राहायचे. सासूबाई म्हणजे मूठभर बाई. खुर्चीत बसल्या की पाय जमिनीला टेकत नाहीत. पोरं मात्र दोन्ही ताडमाड. ही दारात उभी राहिली की आत उजेड येत नाही. "आई, ही दोघं तुमची नव्हेत, कुणीतरी दारात सोडून गेलंय," असं मी म्हणायचो. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. दर वेळी तोच विनोद, पण दर वेळी हसायच्या.

गावाबाहेर रस्त्यासाठी एक डोंगर कापला आहे. कापलेल्या अंगाला पिवळसर मातीचा एक थर उघडा पडला होता. अशी माती मी आयुष्यात पाहिली नव्हती. खडा नाही, कचरा नाही, बोटांत धरली तर लोण्यासारखी. ही ती माती बघून वेडी झाली. तो डोंगर आम्हा सगळ्यांच्या पायाखालचा, लहानपणापासून ही त्याच्यावर हुंदडलेली. "हा डोंगर करायचाच," म्हणाली, आणि उंट कामाला लागला.

त्या दुपारी त्याने पोती आणून वर्कशॉपच्या दारात टाकली. उभ्याउभ्या चहा प्यायला. "भाऊजी, तंदूर तापवा, अजून एक खेप टाकतो," म्हणाला आणि गेला. तो गेला आणि तासाभरात डोंगराची ती बाजू खाली आली.

ट्रक सापडला. ट्रक रस्त्याच्या कडेला होता, दार उघडं, किल्ली आत. उंट नव्हता. माणसं आली, मशीन आलं, ट्रकच्या आसपास सगळं उकरून झालं. मग वरून तडे गेलेले दिसले, माती अजून सरकते आहे असं ठरलं, आणि शोध थांबवला. फिती बांधल्या, पाटी लावली. धोका, आत जाऊ नये. एका पाटीने तो माणूस संपवून टाकला. मला इतका राग आला होता की ती पाटी उपटून टाकावीशी वाटली. पण मी भित्रा माणूस, आणि डोंगर खरंच सरकत होता. रस्त्यावर उभं राहिलं तरी मधूनच बारीक खडे घरंगळल्याचा आवाज यायचा.

सासूबाई वरच्या खिडकीत बसून राहिल्या. जेवायला बोलावलं की यायच्या, दोन घास खायच्या, परत जायच्या. रडणं नाही की ओरडणं नाही. एकच बोलायच्या. "त्याला अंधारात एकट्याला झोप येत नाही हो. लहानपणापासून. कुणीतरी जवळ बसायला लागतं." एवढा दाढीमिशांचा बाप्या, तो दिवा लावून झोपायचा हे मला तेव्हा कळलं. एरवी कळलं असतं तर मी त्याला जन्मभर चिडवलं असतं.

हिने मात्र रडून घेतलं आणि एका सकाळी पोतं ओढलं. "काय करतेस?" मी विचारलं.

"डोंगर."

"आत्ता?"

"आईला तो हवाय. मला आत जाऊ देत नाहीत. मग मी हातांनी काय करू? तुम्ही सांगा." मी माती मळायला घेतली.

तिने डोंगर जसा होता तसा केला, म्हणजे पडण्याच्या आधीचा. वरची सोंड, मधली कोरडी घळ, रस्त्याचं वळण. डोळे मिटून करत होती. वाळला तेव्हा कुठे भेग नाही, काही नाही. मी पोकळीला हवेचं भोक आहे ना ते तपासलं, भट्टीत ठेवला, आच हळूहळू चढवली आणि थंड होऊ दिला. सकाळी झाकण उघडलं. एका अंगाचा उतार खाली बसला होता. तडकला नव्हता, फुटला नव्हता, बसला होता. पडलेल्या डोंगरासारखा. आणि बसलेल्या मातीत, वळणाच्या बाजूला, घळीच्या खाली एक खळगा होता. अंगठा टेकवावा एवढा.

हिने बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"आठवण आहे ती मातीची," मी म्हणालो. मी हे कवितेत बोलत नव्हतो, धंद्यातलं बोलत होतो. मातीला आठवण असते. कच्चं ताट उचलताना कड वाकते, आपण लगेच दाबून सपाट करतो, बघणाऱ्याला कळतही नाही. पण भट्टीतून ते ताट बाहेर येतं ते नेमकी तीच कड वर करून. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मातीची भाजूनसुद्धा जात नाही. "ज्या डोंगराची माती, तो पडला. तेच आठवलं असेल तिला," असं मी हिची समजूत काढायला बोलून गेलो.

"अहो," ही म्हणाली, "पोती आली तेव्हा डोंगर उभा होता."

ते मलाही ठाऊक होतं. ती माती उंटाने खणली, इथे आणून टाकली, चहा प्यायला, आणि त्यानंतर डोंगर पडला. पडताना ही माती तिथे नव्हतीच. इथे आमच्या दारात होती, पोत्यात तोंड बांधून. आठवण मागची असते. पुढची कशी असेल?

मी म्हटलं, चूक माझी. मळताना हवा राहिली असेल, आच एका बाजूला जास्त लागली असेल. दुसरा डोंगर करू. या वेळी मी माती इतकी मळली की खांदे भरून आले. उताराखाली भाजक्या मातीचे टेकू लावले. भट्टी अशी तापवली की दूध तापवणाऱ्या बाईनेही कौतुक केलं असतं. झाकण उघडलं तर टेकू बाजूला पडलेले, उतार बसलेला आणि खळगा तिथेच. मी दोन्ही डोंगर शेजारी ठेवले. जुळी पोरं बघावीत तसे होते. मी भट्टीकडे पाठ करून बसू शकत नव्हतो. उरलेल्या मातीची एक साधी वाटी करून भाजून बघितली. वाटी गुण्यागोविंदाने वाटीसारखी बाहेर आली.

"ट्रकजवळ उगाच उकरलं," ही म्हणाली. "दादा वळणाकडे पळाला होता." तिने तो डोंगर उचलला, चादरीत गुंडाळला आणि निघाली. मी मागोमाग.

मशीनवाला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला काम करत होता. हिने डोंगर त्याच्या पुढ्यात ठेवला. मला वाटलं, हा माणूस आता हसणार, आणि मग मी त्याच्याशी भांडणार, आणि तो मला बदडणार. पण तो हसला नाही. वाकून खूप वेळ बघत राहिला. "बाई, हा आता पडल्यानंतरचा केलात का?"

"नाही."

"तड्यांच्या खुणा पण उमटल्यात यात. हा वरचा, हा बाजूचा. खालून दिसत नाहीत ते. मी मशीनवर चढून पाहिले म्हणून मला माहीत." त्याने साहेबाला फोन केला नाही की काही विचारलं नाही. रस्त्यावर उभं राहून मशीनचा लांब हात घळीखाली घातला.

उंट तिथेच होता. गुडघे पोटाशी घेऊन, एवढासा झालेला. मी त्याला उंट म्हणायचो. मी रस्त्यावर बसून ढसाढसा रडलो आणि हीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्याला नीट पोचवलं. सासूबाई तेव्हाही रडल्या नाहीत. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "नेमका कुठे होता?" हिने त्यांना मांडीवर घेतल्यासारखं जवळ बसवून मातीच्या डोंगरावर जागा दाखवली. सासूबाईंनी खळग्यात बोट घातलं आणि तसंच ठेवलं. "इतके दिवस एकटा होता तिथे," म्हणाल्या. त्या रात्री त्या झोपल्या. आम्हाला वाटलं, सुटल्या. घरात पुन्हा चहाला साखर किती यावर वाद होऊ लागले. मी विनोद करून बघितला, तोच जुना, आणि त्या हसल्या. थोड्याशा, पण हसल्या.

एक पोतं उरलं होतं. हिने ते उघडलं.

"कशाला आता?"

"शेवटचा. दादा सापडला, आता मातीला काय सांगायचं राहिलंय? बघा, या वेळी सरळ उभा राहील."

"आणि नाही राहिला तर?"

"तर भट्टीवाला बदलेन," ही म्हणाली. ती बऱ्याच दिवसांनी असं बोलली होती, म्हणून मी विरघळलो.

तिने मन लावून केला. वरच्या सोंडेवरची झुडपंसुद्धा सुईने टोचून काढली. वाळला, भाजला, थंड झाला. सकाळी ही अजून घरात होती, मी एकटाच वर्कशॉपमध्ये गेलो आणि झाकण उघडलं.

डोंगर सरळ नव्हता. आधीच्या दोघांहून जास्त बसला होता, वरची सोंडही खाली आली होती. घळीखाली तो खळगा होता, अंगठ्याएवढा. आणि त्याला अगदी चिकटून दुसरा होता. उथळ, बारीक. करंगळीचं टोक टेकवावं एवढा.

मी तो डोंगर उचलला, फळीवर ठेवला आणि वर गोणपाट टाकलं. तेवढ्यात ही आली. "उघडलीत? कसा आलाय?"

"अजून गरम आहे. हात लावू नकोस."

"बरं. अहो, माती संपली. एकदा जाऊन येते. वर नाही चढत, घाबरू नका. खालूनच, रस्त्याच्या कडेने जेवढी मिळेल तेवढी."

म्हणजे हे असं होणार होतं तर. डोंगराने मला वेळेवर सांगितलं होतं. पहिल्या वेळी त्याचं बोलणं कळायला आम्हाला उशीर झाला, या वेळी मी होऊ देणार नव्हतो. हिला खरं सांगितलं असतं तर? ती हटकून गेली असती, वळणापाशी उभी राहून नीट बघून आली असती. मी तिला ओळखतो. नको म्हटलेली गोष्ट तिला आधी दिसते.

"आज नाही," मी म्हणालो. "भट्टीची तापायची तार जळली आहे. बदलायला दोघं लागतात."

"काल तर नीट होती."

"काल नीट होती म्हणून आज जळायची नाही का? दिवा धर तू."

मी बाहेर जाऊन फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मग चांगली धडधाकट तार भट्टीतून ओढून काढली. काढली आणि परत घालायला बसलो. मुद्दाम चुकीची घातली, परत काढली. ही दिवा धरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मला ते गाण्यासारखं गोड लागत होतं. ती इथे होती, माझ्या हाताच्या अंतरावर, शिव्या देत होती. आजचा दिवस जाऊ दे. उद्याचं उद्या बघू. जन्मभर तारा बदलत बसेन, पण हिला त्या डोंगराकडे जाऊ देणार नाही, असं मी मनाशी ठरवलं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई खाली उतरल्या. केस नीट विंचरलेले, पायांत चपला, हातावर उंटाचा जुना स्वेटर.

"जावई, फाटकाला कुलूप का हो?"

"कुत्री शिरतात आत, आई." मी बाहेर आलो. "निघालात कुठे?"

"जरा पाय मोकळे करते. वर बसून बसून आखडले."

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्या आपण होऊन बाहेर पडत होत्या. "थंडी नाही, स्वेटर कशाला?" मी विचारलं.

"असू दे. संध्याकाळी गार होतं."

मी कुलूप काढलं. त्या माझ्या कोपराइतक्याच. हात वर करून त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "हिच्याकडे लक्ष असू द्या. कुणाचं ऐकत नाही ती."

"तेच तर करतोय सकाळपासून," मी म्हणालो. "सावकाश या." त्या गल्लीतून गेल्या, भिंतीच्या कडेकडेने, लहान मुलीसारख्या. मी फाटक लावलं, परत कुलूप घातलं, ओढून बघितलं. स्वतःवर खूश होतो मी.

तार जवळजवळ बसत आली होती तेव्हा फळीवरच्या वाट्या किणकिणल्या. आधी वाटलं, मोठा ट्रक गेला. मग जमीन हलली. मग तो आवाज आला, लांबून, गडगडत, थांबेल असं वाटत असताना न थांबणारा. आम्ही दोघांनी तो आधी एकदा ऐकला होता.

हिच्या हातातला दिवा तसाच होता. "अहो," ती म्हणाली, "आई वर आहे ना?"

"पाय मोकळे करायला गेल्या. येतील आता."

"कुठे गेली?"

"स्वेटर घेऊन..." मी म्हणालो.

मी फळीपाशी गेलो आणि गोणपाट ओढलं. मोठा खळगा आणि त्याला चिकटून तो दुसरा. उथळ, बारीक, कुणीतरी कुणाच्या उशाशी बसावं तसा. हिच्या मापाचा नव्हताच तो. ही दारात उभी राहिली की उजेड अडतो. सकाळी मी तो डोळे फाडफाडून बघितला होता, आणि ज्या माणसाची भीती, तेवढंच माणूस मला त्यात दिसलं होतं.

हिने माझ्या खांद्यावरून बघितलं. दिवा खाली टाकून धावली आणि फाटकावर आदळली. दोन्ही हातांनी गज धरून हलवायला लागली.

"किल्ली! अहो, किल्ली द्या!"

किल्ली माझ्याच खिशात होती. दिवसभर ती मी कुणाला दिली नव्हती, आणि एकदाच, माझ्या हाताने, हसत हसत, ते फाटक उघडलं होतं.